रेस्क्यू डॉग आणायला मुंबईबाहेर निघालात? सोबत "नको" म्हणू शकणारा मित्र घ्या

हे त्यांच्यासाठी आहे ज्यांनी आधी कधी कुत्रं पाळलेलं नाही, मुंबईत फ्लॅटमध्ये राहतात, आणि पुण्याच्या नाहीतर कर्जतकडच्या कुठल्यातरी शेल्टरमधल्या इंडीचा, म्हणजे आपल्या देशी कुत्र्याचा, फोटो बघून मित्राला "शनिवारी गाडी काढू" असा मेसेज टाकून मोकळे झालेत. चांगलंय, जा नक्की, पण फोटो आणि शनिवार यांच्यामध्ये बरीच कामं आहेत आणि ती टाळली तर तुम्हाला होतो त्यापेक्षा जास्त त्रास त्या मुक्या जिवाला होतो, म्हणून क्रमाने सांगतो.

आधी शहरात चौकशी करा

लांब ड्राइव्हची हौस असेल तर वेगळी गोष्ट, नाहीतर परळचं बैलघोडा हॉस्पिटल, महालक्ष्मीचं वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्जचं केनेल, वर्ल्ड फॉर ऑलचे वांद्र्यातले ॲडॉप्शनचे कार्यक्रम, आणि बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत स्वतःच्या वन बीएचकेमध्ये पिल्लं सांभाळणारे फॉस्टरवाले, हे सगळं आधी बघून घ्या. कुत्रं मुंबईतलंच असेल तर त्याला लिफ्ट, रिक्षा, गर्दी यांची थोडी तरी सवय असते, आणि मुख्य म्हणजे तुम्ही त्याला दोन-तीनदा भेटायला जाऊ शकता. पुण्याचा रेस्क ट्रस्ट किंवा गोव्यातली शेल्टर्सही चांगलं काम करतात, पण तिकडे जायचं ते तिथलं एक ठरावीक कुत्रं तुमच्या घराला फिट बसतंय असं वाटलं म्हणून, लोणावळ्याला भजी खायला मिळतील म्हणून नाही.

आणि तुमच्याच गल्लीतलं कुत्रं घरात घ्यायचं असेल तर गाडी काढायचीही गरज नाही. सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात म्हटलंय की प्राणीप्रेमी रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायला पालिकेकडे अर्ज करू शकतात, पण एकदा घेतलं की ते परत रस्त्यावर जाणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. हे शेवटचं वाक्य शेल्टरमधून आणणाऱ्यांनीही लागू धरावं असं माझं स्पष्ट मत आहे.

घर आणि सोसायटी

घरातल्या प्रत्येक माणसाने स्वतःच्या तोंडाने हो म्हटलं पाहिजे. "आई नंतर तयार होईल" हे चालत नाही, कारण तुम्ही ऑफिसला गेल्यावर दिवसभर आईच असणार आहे. भाड्याचं घर असेल तर मालकाकडून व्हॉट्सॲपवर का होईना लेखी घ्या.

सोसायटीचं म्हणाल तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं फेब्रुवारी २०१५ चं सर्क्युलर आहे, त्यानुसार सोसायटी बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालू शकत नाही आणि लिफ्ट वापरू नका असंही सांगू शकत नाही. याचं प्रिंट काढून ठेवा पण पहिल्याच दिवशी सेक्रेटरीच्या तोंडावर मारू नका. आधी जाऊन सांगा की काका, पुढच्या आठवड्यात आमच्याकडे कुत्रं येतंय, लस झालेली आहे, शी उचलायची जबाबदारी आमची. निम्मी भांडणं इथेच संपतात. वॉचमनलाही सांगून ठेवा, त्याचं कारण पुढे येईल.

फोनवरच गाळणी लावा

शेल्टरला किंवा फॉस्टरला फोन करून हे विचारा: वय अंदाजे किती, कुठे सापडलं, नसबंदी झालीय का, कुठल्या लसी कधी झाल्या, डिस्टेंपर, पार्वो (हे दोन्ही व्हायरसचे जीवघेणे आजार) किंवा टिक फीव्हर (गोचिडीमुळे येणारा ताप) होऊन गेलाय का, जेवताना कोणी जवळ आलं तर गुरगुरतं का, मांजर आणि लहान मुलं चालतात का, एकटं राहिलं तर काय करतं, पट्ट्यावर चालतं का, गाडीत कधी बसलंय का. जो माणूस "एकदम गोड आहे, काही प्रॉब्लेम नाही" एवढंच बोलतो त्याला हेच प्रश्न अजून एकदा विचारा. जो सांगतो की "पुरुषांना घाबरते, पहिले दोन दिवस खात नाही, पण नंतर मांडीत येऊन झोपते" तो माणूस खरा, त्याच्याकडे जा.

ते पण तुम्हाला प्रश्न विचारतील, फॉर्म भरून घेतील, खिडक्यांना ग्रिल आहे का याचे फोटो मागतील, कदाचित व्हिडिओ कॉलवर घर बघतील. राग मानू नका. उलट काहीच न विचारता "ट्रान्सपोर्टचे पैसे आधी पाठवा, कुत्रं घरपोच देतो" म्हणणारे भेटले तर फोन ठेवून द्या, तो फ्रॉड असतो आणि फोटो दुसऱ्याच कोणाच्या कुत्र्याचा असतो. शेल्टर लस-नसबंदीचा खर्च किंवा डोनेशन मागू शकतं, त्यात वावगं काही नाही, फक्त कुत्रं आणि कागद डोळ्यांनी बघितल्यावर द्या.

पिल्लू की मोठं? पहिल्यांदा घेत असाल तर दोन-तीन वर्षांचं मोठं कुत्रं घ्या. पिल्लू कसं निघेल हे कोणीच सांगू शकत नाही, मोठ्याचा स्वभाव समोर दिसतो, त्यातून ऑफिसवाल्या माणसाला दर दोन तासांनी पिल्लाला शूला न्यायला वेळ कुठून येणार. इंडी कुत्री बारा-पंधरा वर्षं आरामात जगतात, म्हणजे तीन वर्षांचं आणलं तरी दशकभराची सोबत आहे.

मित्र कुठला घ्यायचा

यावर मी मुद्दाम जास्त बोलणार आहे कारण लोक इथेच चुकतात. सगळ्यात जवळचा, सगळ्यात हळवा, कुत्रं दिसलं की जमिनीवर लोळणारा मित्र घेऊन जातात. तो या कामाचा नाही. तिथे गेल्यावर तुम्ही स्वतःच वितळलेले असता, तेव्हा शेजारी कोणीतरी असा पाहिजे जो म्हणेल, "अरे, त्याने आत्ता दुसऱ्या कुत्र्यावर उडी घेतली ते बघितलंस का? तुझ्या फ्लोअरवर तीन कुत्री आहेत." निघायच्या आधीच त्याच्याशी ठरवा की तू नको म्हणालास तर मी आज निर्णय घेणार नाही, रिकाम्या हाताने परत येऊ. हे आधी ठरलं नसेल तर दीडशे किलोमीटर आलोय, पेट्रोल जाळलंय, आता घेऊनच जाऊ असं होतं, आणि ते कुत्रं महिन्याभरात परत शेल्टरमध्ये जातं.

शिवाय मित्राला गाडी नीट चालवता आली पाहिजे. जाताना तुम्ही चालवा, येताना तो चालवेल आणि तुम्ही मागे कुत्र्याजवळ बसाल. कचकन ब्रेक मारणारा, कट मारणारा मित्र बाकी कितीही जिगरी असला तरी या दिवशी नको. आणि दोघंच जा. गाडीभर माणसं नकोत, परतताना मागची अख्खी सीट लागणार आहे.

दिवस आणि वेळ

शक्य असेल तर वीकडेला जा, आणि दुसऱ्या दिवसापासून किमान तीन-चार दिवस सुट्टी घ्या. शनिवारी सकाळी बोरघाटात आणि रविवारी संध्याकाळी मुंबईकडे येताना जी रांग लागते त्यात घाबरलेलं कुत्रं घेऊन अडकणं म्हणजे शिक्षा. पहाटे निघा, दुपारच्या आत परतीला लागा, अंधार पडायच्या आधी घरी. मे महिन्याच्या उन्हात जायचंच असेल तर एसी आधी चेक करून घ्या. गणपतीत आणि दिवाळीच्या आसपास अजिबात आणू नका, नव्या घरात पहिल्याच आठवड्यात खाली ढोल-ताशे नाहीतर सुतळी बॉम्ब, त्यातून ते बिचारं सावरणार कधी.

लोकल ट्रेनचा किंवा बाईकचा विचार सोडा. एक्सप्रेसवेवर आणि अटल सेतूवर टू-व्हीलरला परवानगीच नाही.

गाडीत काय काय

हार्नेस (छाती-पाठीभोवती बसतो तो) आणि गळपट्टा दोन्ही, आणि दोन पट्टे. हे दोनचं प्रकरण महत्त्वाचं आहे. घाबरलेलं कुत्रं मागे रेटा देऊन डोकं गळपट्ट्यातून अगदी सहज सोडवून घेतं, म्हणून एक पट्टा हार्नेसला, एक गळपट्ट्याला, आणि दोन्ही हातात. गळपट्ट्यावर तुमचा मोबाईल नंबर मार्करने लिहून ठेवा, कोरलेला टॅग नंतर बनवा. हार्नेस सीटबेल्टला अडकवायची क्लिप मिळते ती घ्या, पण ती कधीच गळपट्ट्याला लावायची नाही, ब्रेक लागला तर मानेला झटका बसतो. पिल्लू असेल तर कॅरियर.

बाकी जुन्या चादरी, रद्दी पेपर, ओले टिश्यू, कचऱ्याच्या पिशव्या, पाण्याची बाटली आणि पसरट भांडं, थोडं उकडलेलं बिनमिठाचं चिकन. शेल्टरमध्ये ज्या कापडावर ते झोपतं त्याचा एक तुकडा मागून घ्या, घाण वास येत असला तरी धुवू नका, रात्री त्याला तोच वास ओळखीचा असतो.

तिथे पोचल्यावर

घाई करू नका. जमिनीवर थोडं आडवं तोंड करून बसा, डोळ्यात डोळे घालू नका, डोक्यावर वरून हात नेऊ नका, त्याला येऊन वास घेऊ द्या. मग शेल्टरच्या माणसाला सांगून गेटबाहेर एक चक्कर मारा, कारण आत पन्नास कुत्र्यांच्या गोंगाटात कुठलंच कुत्रं खरं दिसत नाही. बाहेर बघा: मोटरसायकल गेली की काय करतं, दुसरं कुत्रं दिसलं की अंगावर जातं की मागे सरकतं, चावी खाली पडली तर दचकून किती वेळात सावरतं. पंजा आणि कान हळूच हातात घेऊन बघा. पट्टा मित्राच्या हातात द्या आणि तुम्ही बाजूला व्हा. मित्र हातात छत्री किंवा काठी धरून लांबून चालत गेला तर अनेक रेस्क्यू कुत्री जमिनीला चिकटतात, शेपूट पोटाखाली जातं, याचा अर्थ कुत्रं वाईट असा नाही, याचा अर्थ तुमच्या वॉचमनकाकांना पहिले काही दिवस काठी बाजूला ठेवायला सांगावं लागेल एवढाच. जे घाबरून सावरतं ते चालेल. जे दहा मिनिटं झाली तरी कोपऱ्यातून हलतच नाही, किंवा हात लावला की दात दाखवतं, ते अनुभवी माणसाचं काम आहे, तुमचं पहिलं कुत्रं नव्हे.

मग दोघंच जरा लांब जाऊन चहा प्या आणि मित्राला आधी बोलू द्या.

हो ठरलं तर कागद घ्या: लसीचं कार्ड (त्यावर लसीच्या बाटलीचं स्टिकर आणि डॉक्टरची सही-शिक्का बघा), नसबंदीची नोंद, डीवर्मिंगच्या, म्हणजे जंतांच्या औषधाच्या, तारखा, ॲडॉप्शनचा करार. कानाचा छोटा तुकडा कापलेला दिसला तर घाबरू नका, रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी झाल्याची ती खूण आहे. आत्ता काय खातंय आणि किती वाजता, हे लिहून घ्या. शेल्टरला एक दिवस आधीच फोन करून सांगायचं असतं की निघायच्या चार-पाच तास आधीपासून खायला देऊ नका, पाणी थोडंथोडं चालेल. रिकाम्या पोटी उलट्या कमी होतात. उलटीची गोळी हवी असेल तर व्हेटला (प्राण्यांच्या डॉक्टरला) विचारून, तुमच्या पर्समधली ॲव्होमिन नको. क्रोसिन तर कधीच नको.

परतीचा रस्ता

गाडीत बसवायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं चालवून शू करून घ्या. दार उघडायच्या आधी पट्टा हातात, हे वाक्य मित्राने आणि तुम्ही पाठ करा, कारण हायवेवर सुटलेलं कुत्रं परत मिळेलच असं नाही. चाइल्ड लॉक लावा आणि पॉवर विंडोसुद्धा ड्रायव्हरकडून लॉक करा, कुत्रं खिडकीशी पंजे ठेवून उभं राहतं तेव्हा नेमका पंजा बटणावर पडतो आणि काच खाली सरकते.

पहिला अर्धा तास काय दिसेल ते सांगतो म्हणजे घाबरणार नाही. ते थरथरेल. तोंडातून लाळेची तार लोंबेल, ती तुमच्या जीन्सवर येईल. सारखं ओठ चाटेल, जांभया देईल, त्या झोपेच्या नसतात, ताणाच्या असतात. अंगावरून हात फिरवला तर केस मूठभर हातात येतील. यात "ओले ओले बाळा" करून कवटाळू नका, मोठ्याने गाणी नकोत, रील तर नकोच. मांडीजवळ हात ठेवून गप्प बसा. बहुतेक कुत्री गाडीचा आवाज एकसारखा झाला की अंगाची गुंडाळी करून झोपून जातात. लाळ फार वाढली आणि सारखं गिळायला लागलं की उलटी येणार, पेपर पुढे करा.

पुण्याहून येत असाल तर घाट उतरायच्या आधी एक थांबा घ्या, पेट्रोल पंप किंवा फूड मॉलवरच, एक्सप्रेसवेच्या कडेला गाडी उभी करायची नाही. घाटाची वळणं मित्राने हळू काढावीत. पुढे माडप आणि भाताणच्या बोगद्यात आवाज एकदम घुमतो, काचा आधीच बंद ठेवा. चिर्ल्याहून अटल सेतूने शिवडीला येणार असाल तर सेतूवर चढायच्या आधी शूचा थांबा उरकून घ्या, जवळपास बावीस किलोमीटर मध्ये कुठेही थांबता येत नाही.

थांब्यावर एक जण गाडीत, एक जण बाहेर, आळीपाळीने. दोघंही वडापाव घ्यायला गेलात आणि कुत्रं बंद गाडीत, हे पाच मिनिटांसाठीही नाही, उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत दहा-एक डिग्रीने तापते आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. त्याला भजी देऊ नका, कांदा विषारी असतो, तसंच लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका.

गडबडीत कोणाला दात लागला तर, अगदी साधा ओरखडा असला तरी, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. कुत्र्याची लस झालीय म्हणून आपलं इंजेक्शन टाळायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही दोघं नाही.

घरी

बिल्डिंगखाली आधी फिरवा, शू झाली तर उत्तम. भीतीने काही कुत्री दहा-बारा तास शू करत नाहीत, थांबा, पूर्ण दिवस उलटला तर मात्र व्हेटला फोन. लिफ्ट रिकामी असेल तेव्हाच घ्या, तो हलणारा डबा त्याने बहुधा आयुष्यात पाहिलेला नाही. चढत नसेल आणि मजला खालचा असेल तर जिने. घरात एक कोपरा ठरवलेला असू दे, पलंगाखाली गेलं तर ओढून काढू नका. टाइल्सवर पाय घसरतात, जुन्या सतरंज्या टाका. फरशी फिनाईलने पुसायची सवय असेल तर काही दिवस साध्या पाण्याने पुसा, ते पंजे चाटतं. कामाच्या मावशींना आधी सांगून ठेवा, झाडू बघून काही कुत्री वेडी होतात.

"बघायला येतो" म्हणणाऱ्या सगळ्या नातेवाइकांना पंधरा दिवस थांबवा. रेस्क्यूवाले तीन-तीन-तीन म्हणतात: तीन दिवस भांबावलेलं, तीन आठवड्यांत रूटीन कळतं, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. अंदाज आहे तो, नियम नाही, पण पहिल्या तीन दिवसांवरून "आपलं चुकलं वाटतं" असं ठरवू नका. फिरायला नेताना दोन पट्टे अजून महिनाभर तरी चालू ठेवा.

दोन-तीन दिवसांत व्हेट. परळला बॉम्बे व्हेटरनरी कॉलेज आहे, महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं हॉस्पिटल २०२४ मध्ये सुरू झालंय, किंवा घराजवळचा चांगला डॉक्टर. रक्ताची सीबीसी आणि टिक फीव्हरची टेस्ट सांगा, कानात आणि पंजांच्या बोटांमध्ये गोचीड शोधा. पिल्लू असेल तर लसी पूर्ण होईपर्यंत खाली जमिनीवर सोडू नका, पार्वोचा व्हायरस मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो.

तो मित्र आठवड्याने घरी येऊ दे, आणि मग दर काही दिवसांनी. तुम्ही गावी गेलात किंवा आजारी पडलात तर कुत्रं कोणाकडे राहणार याचं उत्तर तोच असेल तर दोघांची ओळख आत्तापासून झालेली बरी.

महापालिकेचं लायसन्स काढा, रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं, दरवर्षी रिन्यू करायचं. लसीची पुढची तारीख फोनमध्ये टाका. पावसाळ्याच्या आधी लेप्टोच्या (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या आजाराच्या) लसीचं कव्हर आहे ना हे व्हेटला विचारून घ्या, मुंबईत पाणी तुंबतं आणि उंदीर भरपूर, हा धोका पुस्तकी नाही. आणि सगळं करूनही जमलंच नाही, खरंच नाही, तर करारात लिहिलेलं असतं तसं ज्यांच्याकडून आणलं त्यांनाच फोन करा, आणि परत नेऊन सोडायलाही दोघंच जा, एक ड्राइव्हिंगला आणि एक मागे.